रावसाहेब, एवढ्यात इथून सावकाश उठा बरं!

आमच्या घरात कुठल्याही बिघाडावर एकच इलाज चालतो. वायर काढायची, दहापर्यंत आकडे मोजायचे, परत घालायची. फ्रिज, मिक्सर, वायफायचा डबा, सगळ्यांना हेच औषध. एकदा भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून परत घातला तर ते चालू झालं, तेव्हापासून आमच्या हिची या शास्त्रावरची श्रद्धा अढळ आहे. मी स्वतः त्याच्याही आधीच्या, म्हणजे थापडेच्या पंथातला. आमच्या जुन्या टीव्हीला उजव्या गालावर एक आणि टाळूवर एक दिली की मुंग्या जाऊन बातम्या दिसायच्या. स्कूटर तर एका अंगावर आडवी करून उभी केल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत वाढलेल्या माणसाला यंत्राशी बोलायची दुसरी भाषा येत नाही.

अशा घरात भाच्यानं दोन वर्षांपूर्वी लिनक्सचं मशीन आणून ठेवलं. कारण काय, तर मी गल्लीच्या तोंडाला झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जायचो आणि येताना चार प्रिंट आणि चौदा व्हायरस घेऊन यायचो. "मामा, आजपासून तुम्ही युनिक्सच्या घराण्यातले," असं म्हणून त्यानं घराण्याचा इतिहासही सांगितला. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या केन थॉम्प्सनची बायको लेकराला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला, आजी-आजोबांकडं गेली. तेवढ्यात या गड्यानं, आठवड्याला एक काम या हिशेबानं, युनिक्सचा पहिला सांगाडा उभा केला.

आमची ही गडहिंग्लजला माहेरी गेली तेव्हा मलाही तीन आठवडे मिळाले होते. पहिला आठवडा साखरेचा डबा शोधण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात डबा सापडला, त्यात रवा निघाला. तिसऱ्या आठवड्यात मी चहा आप्पांकडं प्यायला लागलो. आप्पा म्हणजे आमचे शेजारी. ते पुढं येणार आहेत.

जाताना भाच्यानं एकच शपथ घातली. "मामा, काय पण करा, पण मशीन अडकलं तर पॉवरचं बटण दाबून धरायचं नाही. आणि वायर तर ओढायचीच नाही."

"का? शॉक बसतो?"

"आतलं लिहायचं राहिलेलं असतं."

मग त्यानं समजावलं ते मला चटकन पटलं, कारण तसला माणूस आमच्या मंडळातच आहे. आमचा खजिनदार. वर्गणी दिली की तो "झालं, लिहून घेतलं" म्हणतो आणि चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालतो. वहीत उतरवतो घरी गेल्यावर, सवडीनं. मशीनचंही तसंच. आपण सेव्ह म्हटलं की ते "झालं" म्हणतं, पण चिठ्ठी असते खिशात. डिस्कच्या वहीत उतरायला अर्धं मिनिट तरी लागू शकतं. मधेच वायर ओढली म्हणजे खजिनदाराचा शर्ट खिशासकट धुवायला गेला. आमच्या मंडळात हे दोनदा झालंय आणि दोन्ही वेळी शर्ट वर्गणीच्या आठवड्यातच धुतला गेला, पण तो विषय वेगळा.

पहिल्याच महिन्यात मशीन अडकलं. काळ्या खिडकीत भाच्यानं शिकवलेलं काहीतरी टाइप करत होतो. जुन्या सवयीनं मधेच कंट्रोल-एस दाबलं आणि सगळं ठप्प. एक अक्षर उमटेना. मी वाट पाहिली. चहा घेतला. परत येऊन बघितलं, तसंच. मग मात्र माझ्यातला कोल्हापूरकर जागा झाला आणि मी मशीनला लेखी शिव्या द्यायला सुरुवात केली. दिसत काहीच नव्हतं, त्यामुळं हात मोकळा सुटला. एक शिवी, एंटर. दुसरी शिवी, एंटर. तासाभरानं भाचा फोनवर सापडला.

"कंट्रोल-क्यू दाबा."

दाबलं, आणि पाट सुटावा तशा माझ्या सगळ्या शिव्या धडाधड पडद्यावर आल्या. प्रत्येकीखाली मशीनचं नम्र उत्तर : कमांड नॉट फाउंड. मशीन अडकलं नव्हतंच. कंट्रोल-एस म्हणजे 'जरा थांब' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'आता बोल' ही टेलिप्रिंटरच्या जमान्यातली खूण. ते बिचारं तासभर माझ्या शिव्या ऐकून, आज्ञा समजून, पाळायचा प्रयत्न करत बसलं होतं. एवढं कुणी माझं या घरात कधी ऐकलेलं नाही.

खरा प्रसंग गुदरला तो हरतालिकेच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी गणपती. राजारामपुरीत गणपती येतो म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. इतर गावांत विसर्जनाची मिरवणूक मोठी असते. आमच्या मेन रोडला देव येतानाच एवढा दंगा असतो, की पोहोचेपर्यंत तोही दमत असेल. आदल्या दिवशी गल्लीत डॉल्बीचं चेकिंग. "हॅलो, चेक, चेक" झालं की आमच्या शोकेसमधले काचेचे ग्लास उत्तर देतात.

मंडळाचा अहवाल दरवर्षी मी करतो. माझं अक्षर चांगलं आहे, असा तीस वर्षांपूर्वी कुणाचा तरी समज झाला होता, त्याची ही शिक्षा. प्रेसवाल्याला रात्री नऊपर्यंत फाइल पाहिजे होती. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मशीनमध्ये हे सगळं उघडं होतं : अहवाल, जाहिराती, अध्यक्षांनी मोबाईलवरून पाठवलेले स्वतःचे सव्वीस फोटो ('यातला बरा बघून घाला'), आणि 'उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून' या विषयावरची हिनं उघडायला लावलेली अकरा पानं. मेमरी चार जीबी. आप्पा नुकतेच येऊन पाचशे एक रुपये वर्गणी देऊन खुर्चीत बसले होते. त्यांचं नाव यादीत टाकलं, अध्यक्षांचा सत्ताविसावा फोटो आला, तो उघडला, आणि बाण जागच्या जागी थिजला.

"वायर काढा आणि परत घाला," स्वयंपाकघरातून आवाज आला. हिला हरतालिकेचा कडक उपास. त्या दिवशी मी तिच्याशी वाद घालत नाही. इतर दिवशीही घालत नाही, पण त्या दिवशी घालायचा विचारही करत नाही.

भाच्याला फोन लावला. तो गणपतीला पुण्याहून येत होता आणि त्याची बस खंबाटकी घाटात तासभर एका जागी उभी होती.

"मामा, तुमचं मशीन आणि माझी बस, दोघंही एकाच अवस्थेत. डिस्कचा दिवा बघा. लागतोय?"

"सारखा लागलाय."

"मग मेलं नाही. माळ्यावर चढउतार चाललीय त्याची."

ही माळ्याची उपमा माझीच. ओटा लहान, भांडी फार. मग कढई ठेवायला परात माळ्यावर, परात पाहिजे म्हणून कढई माळ्यावर. बाई दिवसभर स्टुलावर चढउतार करतेय आणि भात काही शिजत नाही. मेमरी भरली की मशीन तेच करतं. कामसू असतं, फक्त काम होत नाही. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक ज्यांनी पाहिलीय त्यांना जास्त सांगायला नको.

"कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का बघा. ती नाडी."

दाबलं. दिवा सावकाश, म्हाताऱ्यानं डोळा उघडावा तसा, लागला. "आहे, आहे!" मी ओरडलो. आप्पांनी हात जोडले. बाहेरून "चेक, चेक" झालं.

"आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन. काळा पडदा येईल. तिथून आत शिरा, जो माजलाय त्याचा नंबर काढा आणि—" घाटात रेंज गेली.

नंबर म्हटल्यावर मला धीर आला. युनिक्सच्या आत प्रत्येक चालू कामाला नंबर असतो, नावानं कुणी ओळखत नाही. आमच्या राजारामपुरीत गल्ल्यांचंही तसंच. माणूस कोण हे नंतर, आधी कितवी गल्ली? त्यामुळं मला परकं असं काही वाटत नाही.

अर्ध्या मिनिटानं काळा पडदा आला. नाव टाकलं. पासवर्ड टाकायला लागलो तर एक अक्षर उमटेना, चांदणीसुद्धा नाही.

"कीबोर्ड बाद झाला," मी म्हणालो.

"तिथं दिसतच नसतं," आप्पा म्हणाले. "टाकत राहायचं."

टाकला. लॉगिन इनकरेक्ट. परत टाकला. इनकरेक्ट. तिसऱ्यांदा एका बोटानं, मोठ्यानं एकेक अक्षर म्हणत टाकला, त्यामुळं आप्पांना, हिला आणि जिन्यात उभ्या असलेल्या मंडळाच्या पोराला माझा पासवर्ड पाठ झाला. तरी इनकरेक्ट. शेवटी ते पोरगंच म्हणालं, "काका, कॅप्स लॉक चालू हाय की."

नाडी बघितली आणि हात तसाच ठेवला! दिवा बंद केला, परत नाव टाकलं, एंटर मारलं. मशीन माळ्यावर गेलेलं. तेवढ्यात साठ सेकंद संपले आणि लॉगिनची वेळ संपल्याचा निरोप आला. मी पासवर्ड विसरलो तर चालतं, मशीन उशीर करतं तर त्याची शिक्षाही मलाच.

"ते पाचाचं बोर्ड मोकळं आहे काय?" पोरगं म्हणालं. "लायटिंगला कमी पडतंय."

"थांब जरा."

आप्पांनी घसा खाकरला. आप्पा निवृत्त होण्याआधी पुण्यात एका कारखान्याच्या डिझाइन विभागात होते आणि सन कंपनीच्या वर्कस्टेशनवर काम करायचे. सन म्हणजे १९८२ साली अमेरिकेत निघालेली कंपनी. काढणाऱ्या चौघांत एक विनोद खोसला, ही गोष्ट आप्पा खोसला आपल्या बेंचवर बसायचे अशा सुरात सांगतात.

"आमच्या सनला 'स्टॉप' म्हणून वेगळी कीच होती. अडकलं की स्टॉप आणि ए. सगळं जिथल्या तिथं थांबायचं आणि पडद्यावर फक्त दोन अक्षरं यायची. ओके."

"सगळं बंद पडल्यावर ओके?"

"समदं ओके! मग 'गो' म्हणायचं, की आहे तिथून पुढं चालू. नाहीतर 'सिंक' म्हणायचं, की खिशातलं सगळं वहीत लिहून मशीन परत पहिल्यापासनं उठायचं. आणि आम्ही रोजच्या कामातसुद्धा मशीन बंद करायच्या आधी सिंक तीनदा मारायचो."

"तीनदा का?"

"पहिला मशीनसाठी. उरलेले दोन टाइप करेपर्यंत पहिल्याचं लिहून होतंय, त्यासाठी. लक्षात ठेव, तीनदा."

माझ्या कीबोर्डवर स्टॉप नव्हतं. पण भाच्यानं एक ब्रह्मास्त्र देऊन ठेवलं होतं, ते मला या गडबडीत आठवलं. लिनक्समध्ये ऑल्ट आणि सिस-आरक्यू ही दोन बटणं दाबून धरायची आणि वर सहा अक्षरं, मधे श्वास घेत, एकामागून एक मारायची. आर, ई, आय, एस, यू, बी. वरचे सगळे मजले बेशुद्ध पडले तरी तळघरातला कर्नल हे ऐकतो. भाच्यानं लक्षात ठेवायला इंग्रजी वाक्य दिलं होतं, ते पहिल्या दिवशीच विसरलो. म्हणून मी माझं केलं, र-ए-इ-स-उ-ब : रावसाहेब, एवढ्यात इथून सावकाश उठा बरं!

गंमत म्हणजे अर्थही बसतो. 'रावसाहेब' म्हणजे कीबोर्ड ज्यानं बळकावलाय त्याच्याकडून तो काढून घ्यायचा. 'एवढ्यात' म्हणजे सगळ्या कामांना अदबीनं, आवरा आता. ही खास आपल्याकडची पायरी. पाहुणे "बरं, येतो आम्ही" म्हणून उठतात, मग दारात चपला घालताना मूळ विषय निघतो, मग फाटकात लग्न जमवणं, आणि पाऊण तासानं रिक्षा. मशीनला एवढा वेळ नसतो, म्हणून पुढचं 'इथून' : जे अजून चपला शोधतायत त्यांना बखोटीला धरून रस्त्यावर. 'सावकाश' म्हणजे खजिनदाराला उभं करून खिशातलं सगळं वहीत लिहून घेणं. 'उठा' म्हणजे वही मिटवून वर 'फक्त वाचण्यासाठी' असा शिक्का. आणि 'बरं' म्हणजे मशीन नव्यानं सुरू.

प्रश्न बोटांचा. सिस-आरक्यू हे प्रिंट स्क्रीनच्या बटणावरच लपलेलं असतं, उजव्या कोपऱ्यात. ऑल्ट डावीकडं. दोन्ही हात तिथंच अडकले, अक्षर मारणार कोण? फोन खांद्यात धरलेला, कारण भाच्याची रेंज आली होती.

"अगं, जरा इकडं ये. हाताला हात लाव."

ही पिठाचे हात पुसत आली. भटजींनी सांगितल्याशिवाय आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. तिनं ऑल्ट धरलं, चेहरा पूजेतलाच. मी कोपऱ्यातलं बटण धरलं आणि मोकळ्या हातानं आर मारला. "रावसाहेब!"

काळ्या पडद्यावर एक ओळ आली. ही सिस-आरक्यूची सोय बंद आहे.

"एवढ्यात!" बंद आहे.

"इथून!" बंद आहे.

"मामा, मोठी चूक झाली," खांद्यातून भाचा म्हणाला. "तुमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये या सोयीचा मूळचा आकडा १७६ आहे, तो बदलायचं राहिलं. १७६ म्हणजे १२८ अधिक ३२ अधिक १६. सोळाची सोय वहीत लिहायची, बत्तीसची शिक्का मारायची, एकशे अठ्ठावीसची नव्यानं उठवायची. पहिल्या तीन अक्षरांना परवानगीच नाही. उद्या कुणी पण येऊन तुमच्या कीबोर्डवरनं सगळी कामं मारून टाकील, म्हणून ठेवत नाहीत. तिथं एक लिहिलं असतं तर सगळं चाललं असतं."

म्हणजे मशीनला 'रावसाहेब, एवढ्यात इथून' ऐकूच येत नव्हतं. कान होते ते फक्त 'सावकाश उठा बरं'ला. आयुष्यभर सरकारी कचेऱ्यांत खेटे घातलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

"आता एस मारा," भाचा म्हणाला, आणि बस घाटातल्या वळणाला लागली असावी, कारण परत शांतता.

"सावकाश!" मी एस मारला. पडद्यावर आलं, इमर्जन्सी सिंक. खोलीत कुणी बोलेना. डिस्कचा दिवा लपलपला. आप्पा तीन बोटं वर करून खुणावत होते. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, सनचा जमाना गेला.

"उठा!" यू. इमर्जन्सी रीमाउंट. वही मिटली, शिक्का बसला. हिचा हात दुखायला लागला होता.

"सोडू का?"

"सोडू नकोस. आता फक्त 'बरं' राहिलंय." मी बीवर बोट नेलं. एवढ्या शिस्तीनं, अदबीनं, एकाही धक्क्याशिवाय एखादं यंत्र आमच्या घराण्यात प्रथमच उठणार होतं. हा क्षण जरा लांबवावा, असं मला वाटलं. मी आप्पांकडं बघितलं. हिच्याकडं बघितलं. खोल श्वास घेतला.

पडदा काळा होताच, तो आणखी काळा झाला. पंखा बंद पडल्यासारखा मशीनचा सूर उतरत गेला. डिस्कचा दिवा गेला.

"काका, बोर्ड नेतोय हां, उद्या आणून देतो!" जिन्यातून आवाज उतरत गेला, आणि मागोमाग फरशीवर पाचाच्या बोर्डाची शेपटी खडखडत गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी जाऊन वर्ष झालं. तो आता टेबलाखाली पाय ठेवायला आहे.

त्याच वेळी भाच्याची रेंज आली. "मामा! बी मारलं?"

"मारलं."

"तुम्ही?"

"मंडळानं."

तो हसतच सुटला. म्हणाला, यू झालं होतं ना, मग काही बिघडत नाही. शिक्का बसल्यावर वही कुणी हिसकावून नेली तरी आतलं लिहिलेलं जात नाही. मी हे उसासा टाकून हिला समजावून सांगायला लागलो. तिनं ऑल्टवरून हात उचलला, बोटं झाडली आणि स्वयंपाकघराकडं वळता वळता म्हणाली, "म्हणजे शेवटी वायर ओढूनच झालं. मी सात वाजायच्या आधीपासून काय सांगतेय?"

फाइल मिळाली. मशीन उठल्याबरोबर त्यानं स्वतःहूनच विचारलं, अर्धवट राहिलेला मजकूर परत देऊ का? ती दर दहा मिनिटांनी आपोआप ठेवलेली प्रत होती. नऊला पाच कमी असताना प्रेसवाल्याला धाडली आणि मोदक न फुटण्याची अकरा पानं मात्र परत उघडली नाहीत. त्याचे परिणाम दुसऱ्या दिवशी ताटात दिसले.

अहवाल तिसऱ्या दिवशी छापून आला. आप्पा मांडवात दिव्याखाली उभे राहून वर्गणीदारांच्या यादीवरून बोट फिरवत होते. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मशीन अडकण्याच्या आधीची जी दहा मिनिटं प्रतीत आली नव्हती, त्यातच त्यांचे पाचशे एक होते. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं.

"एकदाच मारलास न्हवं सिंक?"